गाडीची कॉइल ओळखायची कशी: वायरी मोजा, पिना मोजा, मगच पाना लावा

ठाण्याजवळच्या गायमुखच्या चढाला गाडी झटके मारते आणि सपाटीला लागली की गुमान चालते. सकाळी थंड इंजिनावर काही तक्रार नसते, पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलं की इंजिन थरथरायला लागतं. सीएनजीवर मिसिंग मारते (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही), पेट्रोलवर टाकली की शांत होते. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत या तिन्ही तक्रारींवर पहिला संशय प्लग आणि कॉइलवर जातो, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. घोटाळा पुढे होतो. आपल्या इंजिनात कुठल्या प्रकारची कॉइल आहे हे न पाहताच दुकानातून पार्ट आणला जातो, तो बसत नाही, किंवा बसतो पण चालत नाही. म्हणून आधी ओळख, मग तपासणी आणि शेवटी खरेदी, हा क्रम सोडू नका.

दुकानाच्या काउंटरवर नुसतं ‘कॉइल द्या’ म्हणू नका. एसीवाल्यासाठी कॉइल म्हणजे कूलिंग कॉइल. चावीच्या स्विचभोवती इमोबिलायझरची कॉइल असते, एसी कॉम्प्रेसरच्या क्लचला कॉइल असते, रिलेत असते, इंजेक्टरमध्ये असते, सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये तर दोन असतात. इथे विषय आहे तो इग्निशन कॉइलचा, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या कॉइलचा. गाडी डिझेलची असेल तर शोधत बसू नका. डिझेल इंजिनात इंधन नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटतं, तिथे इग्निशन कॉइल नसतेच. हेडवर जे पेन्सिलीएवढे दिसतात ते हीटर प्लग.

कॉइल नेमकं काय करते

आत लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांची प्रायमरी, आणि केसासारख्या तारेच्या हजारो वेढ्यांची सेकंडरी. दोघींच्या वेढ्यांचं प्रमाण साधारण १:१०० असतं. प्रायमरीतून काही मिलिसेकंद बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह सोडला जातो आणि मग एकदम तोडला जातो. तोडताक्षणी प्रायमरीत तीन-चारशे व्होल्ट उसळतात आणि सेकंडरीत त्याचे तीस-चाळीस हजार होतात. प्लगच्या फटीतून ठिणगी उडते ती या उसळीमुळे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कॉइल दर वेळी पूर्ण चाळीस हजार व्होल्ट देत नाही, फट ओलांडायला लागेल तेवढंच व्होल्टेज चढतं. फट झिजून मोठी झाली, सिलिंडरमधला दाब वाढला किंवा गॅस जळायला कठीण असला की जास्त चढावं लागतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबलं की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि अशक्त कॉइल तिथे कमी पडते. सपाटीवर तीच कॉइल काम निभावून नेते, म्हणून गायमुखचा चढ किंवा मुंब्रा बायपास हा दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरइतकाच चांगला टेस्टर आहे.

बोनेट उघडल्यावर काय पाहायचं

इंजिन थंड असू द्या. वरचं प्लास्टिकचं कव्हर बहुतेक गाड्यांत नुसतं वर ओढून निघतं, काहींना दहाचे (१० मिलिमीटरच्या पान्याचे) नट असतात. कव्हर निघालं की पाहायचं हे की प्लगकडे पेन्सिलीएवढ्या जाड रबरी वायरी जातात का, आणि जात असतील तर कुठून निघून जातात.

जाड वायरी एका गोल टोपीतून निघत असतील आणि त्या टोपीच्या मधल्या भोकातून आणखी एक वायर बाहेर कॉइलकडे जात असेल, तर ही डिस्ट्रिब्युटरवाली जुनी पद्धत. गॅरेजात त्याला डेल्को म्हणतात. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आणि ओम्नी, सगळ्या या जातीतल्या. इथे कॉइल एकच, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या डब्याची, आत तेल भरलेली. डोक्यावर मधोमध उंच टॉवर आणि दोन बाजूंना प्लस-मायनसचे स्क्रू. डबा फुगलेला, तळाशी तेलकट किंवा टॉवरभोवती काळी रेघ उमटलेली दिसली तर मोजमाप न करताही ती बाद समजा. याच पद्धतीत पुढे चौकोनी, रेझिन भरलेल्या कॉइल आल्या, पण ओळखीची खूण तीच: कॉइल एक, डेल्को एक.

या जातीत एक चूक वारंवार होते. पॉइंट-कंडेन्सरच्या (डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटने करंट तोडणाऱ्या) गाडीत कॉइलआधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रोध) आहे की नाही हे पाहिलं जात नाही. बॅलास्टवाल्या कॉइलची प्रायमरी साधारण दीड ओहम असते, बिनबॅलास्टवालीची तीनच्या आसपास. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली तर गाडी झकास चालू होते, पण पॉइंट जळत राहतात आणि कॉइल हात लावू देत नाही इतकी तापते.

जाड वायरी आहेत पण डेल्को नाही, चार वायरी एका ठोकळ्यातून निघतात, तर तो कॉइल पॅक. जुनी सँट्रो आणि फोर्ड आयकॉनमध्ये हा पाहायला मिळतो. ठोकळ्यात प्रत्यक्षात दोनच कॉइल असतात आणि प्रत्येकीला दोन तोंडं. चार सिलिंडरच्या इंजिनात पेटण्याचा क्रम बहुतेक १-३-४-२ असतो, त्यामुळे १ आणि ४ चे पिस्टन एकाच वेळी वर येतात, तसेच २ आणि ३ चे. एकीकडे मिश्रण दाबलेलं असतं, दुसरीकडे धूर बाहेर जात असतो. कॉइल दोन्हीकडे एकदम ठिणगी टाकते, त्यातली एक कामाची आणि दुसरी वाया. म्हणून एक आणि चार असे दोन सिलिंडर एकत्र मेले असतील तर प्लगवर वेळ घालवू नका, पॅकमधली त्यांची कॉइल किंवा तिची सिग्नलची वायर गेलेली असते. जोडीतला एकच मेला असेल तर आधी त्याची प्लग वायर आणि प्लग पाहा.

या पद्धतीत करंट एका प्लगमध्ये मधल्या इलेक्ट्रोडकडून बाहेरच्याकडे जातो आणि जोडीदारात उलटा. दोन प्लग काढून शेजारी धरले तर एकाचा मधला खांब गोलाकार झिजलेला दिसतो आणि दुसऱ्याची वरची पट्टी. हा दोष नव्हे, ती कॉइल पॅकची सही आहे. जोडीतले प्लग नुसते आपसात बदलून काही साधत नाही, चारही एकदम नवे टाका.

मधला एक प्रकार फसवतो. मारुतीच्या सोळा व्हॉल्व्हच्या जी-१३ इंजिनात, म्हणजे एस्टीम आणि एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) जिप्सीत, दोन कॉइल थेट दोन प्लगांवर बसतात आणि प्रत्येकीतून एक जाड वायर जोडीदार सिलिंडरकडे जाते. वरवर पाहिलं तर ‘प्लगवरची कॉइल’ वाटते, पण कामाला ती कॉइल पॅकसारखीच. कॉइल मोजल्या आणि प्लगपेक्षा निम्म्या भरल्या तर समजून घ्या.

जाड वायरी अजिबात नाहीत, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) आणि एक दहाचा बोल्ट दिसतो, तर ती प्लगवरची स्वतंत्र कॉइल. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच आहेत. मारुतीचं के-सिरीज इंजिनही यातच. यातही दोन बांधण्या. एकीत गुंडाळी वर डोक्यात असते आणि खाली नुसती रबरी नळी व स्प्रिंग. दुसरी पेन्सिल कॉइल, तिची गुंडाळी थेट प्लगच्या खड्ड्यात उतरलेल्या दांड्यात असते. पेन्सिल कॉइल काढताना वाकवली तर आतलं रेझिन तडकतं, आणि तडा डोळ्याला दिसतही नाही.

कॉइलची संख्या सिलिंडरइतकीच असेल हे गृहीत धरू नका. २००३ च्या सुमारास आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आणि आठ कॉइल आहेत, निम्म्या पुढे आणि निम्म्या मागे. पुढच्या चार तपासून ‘सगळ्या ठीक आहेत’ असं सांगितलं जातं ते याच गाडीत. काही युरोपियन इंजिनांत याउलट सगळ्या कॉइल एकाच लांब पट्टीत असतात. एक गेली तर आख्खी पट्टी बदलावी लागते.

पिना मोजणं हीच खरी ओळख

दिसायला सारख्या दोन कॉइल आतून पूर्ण वेगळ्या असू शकतात. कपलर काढा आणि कॉइलच्या बाजूच्या पिना मोजा.

दोन पिना म्हणजे साधी कॉइल. एका पिनेला १२ व्होल्ट, दुसरीवरून ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा वेगळा इग्नायटर (करंट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) अर्थ, म्हणजे मायनसची जोडणी, तोडतो. आत इलेक्ट्रॉनिक्स नाही, म्हणून मल्टिमीटरने प्रायमरी नीट मोजता येते.

तीन पिना असलेल्या प्लगवरच्या कॉइलमध्ये बहुतेक वेळा इग्नायटर आत बसवलेला असतो. एक पिन १२ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नलची. सिग्नल अगदी हलका, सुमारे पाच व्होल्टचा. कॉइल पॅकला तीन पिना असतील तर मतलब वेगळा: एक १२ व्होल्टची आणि दोन कॉइलच्या दोन तारा.

चार पिनांत गोंधळ जास्त. टोयोटाच्या कॉइलमध्ये चौथी पिन ईसीएमला ‘ठिणगी पडली’ असा निरोप परत पाठवते. तो निरोप आला नाही तर ईसीएम इंधन तोडू शकतं, मग दोष वायरीत असतो आणि गाडी पेट्रोल पंपाचा दोष असल्यासारखी वागते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक कॉइलमध्ये मात्र चौथी पिन निरोपाची नसून दुसऱ्या अर्थची असते. दोन्हीकडे पिना चारच, कपलरही डोळ्याला सारखे वाटतील. ‘चार पिनवाली आहे, चालेल’ हे वाक्य काउंटरवर ऐकलं तर हात आखडता घ्या आणि कॉइलवर छापलेला पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा.

तपासणी: सोपी आधी, मीटर नंतर

स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी०३०० म्हणजे एकच असा नाही, विखुरलेलं मिसिंग. पी०३५१ ते पी०३५४ हे त्या नंबरच्या कॉइलच्या सर्किटचे कोड. पहिल्या गटातला कोड कॉइलच गेली असं सांगत नाही. प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. एक नंबरचा सिलिंडर बहुतेक आडव्या बसवलेल्या इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा असतो, पण मॅन्युअलमध्ये खात्री करा.

आता अदलाबदल. प्लगवरच्या कॉइलच्या गाडीत याहून भरवशाची तपासणी नाही, आणि खर्च शून्य. समजा कोड पी०३०३ आहे.

१. इग्निशन बंद करा, चावी काढा.
२. तीन नंबरच्या कपलरची खिटी दाबून कपलर सरळ ओढा. वायर धरून ओढू नका. जुन्या गाडीत खिटी उन्हा-उष्णतेने कडक झालेली असते, जोर लावला की मोडते. बारीक स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचला.
३. दहाच्या गोटीने बोल्ट काढा. कॉइल डावी-उजवीकडे थोडी फिरवून रबर सुटं करा, मग सरळ वर उचला.
४. तीनची कॉइल एकवर आणि एकची तीनवर बसवा. प्लग हलवू नका, नाहीतर दोष कशाबरोबर सरकला ते कळणार नाही.
५. कोड पुसा आणि चढावर चालवा. पी०३०१ आला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. आता प्लग अदलाबदल करा, मग इंजेक्टरकडे वळा.

कॉइल वर काढलीच आहे तर तिचं रबर नीट पाहा. उजेडात फिरवून धरा. लांबीच्या दिशेने पेन्सिलीने ओढल्यासारखी करडी-काळी रेघ दिसली तर करंट प्लगच्या फटीतून न जाता रबरावरून हेडला उतरतो आहे. त्याच प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर नेमकी समोरासमोर तशीच रेघ सापडेल. ही रेघ पुसून जात नाही. रबर बदला, प्लगही बदला. एकच बदललात तर जुन्यावरची रेघ नव्यावर उमटते. रबर टोकाला फुगून मऊ, चिकट झालं असेल तर खड्ड्यात तेल उतरतंय. दोष टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा आणि प्लगच्या खड्ड्याभोवतीच्या सीलचा. पॅकिंग न बदलता नवी कॉइल बसवली तर तीही त्याच तेलात भिजेल.

मल्टिमीटर कुठे उपयोगी आणि कुठे फसवा, तेही पाहा. २०० ओहमच्या रेंजवर आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा. जो आकडा येईल, बहुधा ०.२ ते ०.५, तो प्रत्येक मोजमापातून वजा करा. डब्याच्या आणि दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी जातीनुसार अर्धा ते तीन ओहम येते. सेकंडरी २० किलोओहमच्या रेंजवर, साधारण ६ ते १५ किलोओहम. कॉइल पॅकमध्ये सेकंडरी अर्थशी मोजू नका, जोडीच्या दोन तोंडांत मोजा: १ आणि ४, मग २ आणि ३. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. प्लग वायरी लांबीनुसार काही किलोओहम दाखवतात. एकीचा आकडा बाकीच्यांच्या मानाने फार वर गेला तर ती काढून टाका.

तीन आणि चार पिनांच्या कॉइलवर हे मोजमाप लावू नका. पिना आणि गुंडाळी यांच्यामध्ये ट्रान्झिस्टर असतो, शिवाय अनेक कॉइलच्या सेकंडरीत डायोड असतो. चांगली कॉइलही मीटरवर ‘तुटलेली’ दिसते आणि उगाच फेकली जाते. आणि गरम झाल्यावरच बिघडणारी कॉइल थंड टेबलावर शंभर टक्के पास होते: आतल्या तारेचा तडा तापल्यावर उघडतो. ट्रॅफिकमध्येच मिसिंग येत असेल तर अदलाबदल करून त्याच ट्रॅफिकमध्ये न्या.

कॉइल बदलूनही सिलिंडर मेलेलाच राहिला तर कपलरपर्यंत काय येतं ते पाहा. चावी ऑन करून १२ व्होल्टच्या पिनेवर बॅटरीएवढं व्होल्टेज हवं, चावी बंद करून अर्थच्या पिनेवर बॅटरीच्या मायनसशी ओहम जवळपास शून्य. सिग्नल पाहायला एलईडीचा टेस्टर वापरा, इंजिन फिरताना तो लुकलुकायला हवा. फिलामेंटचा बल्ब सिग्नलच्या वायरीला लावू नका, तो ओढत असलेल्या प्रवाहाने ईसीएमचा आतला भाग जळू शकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांत उंदरांनी वायर कुरतडलेली सापडणं अगदी नेहमीचं, म्हणून टेप उघडून हारनेस (वायरींचा जुडगा) बोटांनी चाचपा.

हे करू नका

चालू इंजिनात एकेक कॉइल किंवा प्लग वायर उपटून ‘कुठला सिलिंडर मेलाय’ पाहायची जुनी सवय सोडा. करंटला जायला वाट मिळाली नाही की सेकंडरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत चढतं आणि कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि त्याची जाळी वितळते. तेच पाहायचं असेल तर इंजेक्टरचा कपलर काढा, काम तेच होतं आणि पेट्रोलही बंद होतं. डॅशबोर्डवरचा चेक लाइट नुसता पेटलेला असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. तो उघडझाप करत असेल तर कन्व्हर्टर तापतोय, गाडी बाजूला घ्या. आणि ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इंजिनाच्या कॉइलजवळ हात नेऊ नये.

पावसाळा, खाडीची हवा आणि सीएनजी

ठाणे-नवी मुंबईत कॉइल लवकर जातात त्याला इथलं पाणी आणि इथलं इंधन, दोन्ही कारणं आहेत. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली, किंवा सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं, की प्लगचा खड्डा भरतो. वरून सगळं कोरडं दिसतं आणि खाली रबर पाण्यात उभं असतं. कॉइल काढा, कापड बांधलेल्या काडीने तळ टिपा, कॉम्प्रेसरची हवा मारा. हवा प्लग जागेवर असतानाच मारायची, नाहीतर खड्ड्यातली घाण सिलिंडरमध्ये जाते. खाडीकाठच्या वस्तीत, वाशी-नेरूळपासून कळवा-विटाव्यापर्यंत, कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. काँटॅक्ट क्लीनर मारून पिना साफ करा. रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाने पातळ लावा, स्प्रिंगच्या टोकाला नको. जाड वायरींच्या गाडीत रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरीतून निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर वायरी बदलायची वेळ झाली.

सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर १.० ते १.१ मिलिमीटर चालणारी प्लगची फट सीएनजीच्या गाडीत बहुधा ०.७ ते ०.८ ठेवतात, कंपनी फिटेड सीएनजी असेल तर मॅन्युअलमधला आकडा पाळा. फीलर गेजने मोजा, नजरेने नको. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं असतं, गेज आत दाबला की मोडतं; तो योग्य फटीचाच विकत घ्या. दिवसभर सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत प्लग वेळच्या वेळी बदलले तर कॉइलवरचा ताण कितीतरी कमी होतो. चारपैकी एक कॉइल गेली की ‘चारही बदला’ असा सल्ला मिळतो, तो आंधळेपणाने मानू नका. प्लग मात्र सगळे एकदम बदला.

आणताना आणि बसवताना

जुनी कॉइल सोबत न्या. पार्ट नंबर, पिना, रबराची लांबी आणि बोल्टच्या भोकाची दिशा जुळवा. नकली कॉइल हातात हलकी लागते, छपाई नखाने खरवडली की निघते, कपलर बसताना ‘टक’ आवाज येत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या कॉइल मिळतात. डब्याच्या किंवा कॉइल पॅकच्या जुन्या गाडीसाठी, मीटर सोबत घेऊन, तो मार्ग ठीक आहे. पेन्सिल कॉइल जुनी घेऊ नका.

प्लग थंड हेडमध्येच बसवा, पहिले वेढे हाताने फिरवून. वायसरचा नवा चौदा मिलिमीटरचा प्लग हाताने टेकला की अर्धा फेरा, फार तर दोन तृतीयांश; टॉर्क पाना असेल तर बहुतेक इंजिनांना २० ते ३० न्यूटन-मीटर. बिनवायसरच्या, उतरत्या बैठकीच्या प्लगला फक्त सोळावा हिस्सा फिरवा, जास्त पिळला तर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. कॉइल खड्ड्यात सरळ दाबा. प्लगचं डोकं रबरात शिरल्याचं हाताला जाणवतं. ते जाणवल्याशिवाय बोल्ट आवळून कॉइल खाली ओढू नका. बोल्टला दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, कारण तो बहुतेक प्लास्टिकच्या कानातून जातो. कपलर ‘टक’ होईपर्यंत दाबा, मग कोड पुसा. नव्या कॉइलच्या डोक्यावर पांढऱ्या पेंट मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कोणी बोनेट उघडेल त्याला नवी कुठली आणि जुनी कुठली हे विचारावं लागणार नाही.